दोन तुकड्या, एक उतार: ड्युरंड ग्लेशियर, जानेवारी २००३

नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर जायचं असेल तर नाळेच्या, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीच्या, तोंडाशीच एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते: वरची तुकडी नाळेत असताना खालच्यांनी थांबायचं कुठे. वरच्याच्या बुटाखालून धोंडा सुटतो, तो "दगड!" म्हणून बोंबलतो आणि खालचा असेल तिथे कातळाला चिकटतो. बहुतेक वेळा एवढ्यावर निभावतं, कारण धोंडा एकच असतो आणि चिकटायला कातळ असतो. बर्फाच्या उघड्या उतारावर सुटतो तो अख्खा उतार, आणि चिकटायला काहीच नसतं.

आमच्या क्लबातल्या लीडर मुलांसोबत पावसाळ्याआधी मी दरवर्षी एक प्रकरण घेऊन बसतो. मुलं आधी कुरकुरतात. "दादा, आपल्याकडे कुठे बर्फ?" खरंच आहे. आमच्यातल्या काहींचा बर्फाशी संबंध आला तो गुलमर्ग-मनालीच्या कोर्सपुरता. तरीही हे प्रकरण मी सोडत नाही. त्यात बर्फ निम्माच आहे, उरलेली निम्मी गोष्ट माणसांची आहे.

घटना अशी. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सेलकर्क पर्वतरांग आहे. तिच्या कुशीतल्या रेवेलस्टोक गावाहून हेलिकॉप्टरने ड्युरंड ग्लेशियरजवळच्या लाकडी शॅलेवर जायचं, आठवडाभर तिथेच मुक्काम करायचा आणि रोज गाइडसोबत स्की लावून डोंगर चढायचा-उतरायचा, असा तिथला कार्यक्रम. २० जानेवारी २००३, सोमवार. आठवडा नुकताच सुरू झालेला. ला त्राविआता नावाच्या उतारावर गाइड धरून २१ माणसं दोन तुकड्यांत चढत होती. सकाळी अकराच्या सुमारास उतार सुटला, म्हणजे हिमस्खलन झालं. १३ जण त्यात सापडले, त्यातले ७ दगावले.

मृतांमध्ये क्रेग केली होता. स्नोबोर्डिंगमध्ये चार वेळा जगज्जेता. स्पर्धा आणि झगमगाट सोडून तो डोंगरात आला होता आणि गाइड होण्यासाठी रीतसर शिकत होता. वय ३६. त्याच्या नावामुळे ही बातमी जगभर गेली. नाहीतर बर्फात सात माणसं गेल्याची बातमी किती दिवस टिकते?

आता हे चढणं म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. ज्यांनी फक्त रोपवेने वर जाऊन खाली घसरणारे स्कीवाले पाहिलेत, त्यांना यातली गंमत आणि गोम दोन्ही कळत नाही. इथे रोपवे नसतो आणि दाबून सपाट केलेली वाटही नसते. स्कीच्या तळाला लांबीभर एक केसाळ पट्टी चिकटवतात, तिला स्किन म्हणतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, हल्ली मोहेर लोकरीची किंवा नायलॉनची असते. मांजराच्या पाठीवरून हात फिरवून पाहा. शेपटीकडे नेला तर गुळगुळीत सरकतो, डोक्याकडे आणला तर अडतो. स्किनचं तसंच. स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. बुटाची टाच सुटी ठेवलेली असते, त्यामुळे स्की न उचलता ढकलत ढकलत चालता येतं. माथ्यावर पोचलं की पट्ट्या ओढून काढायच्या, घडी करून जॅकेटात कोंबायच्या, टाच बंद करायची आणि मघाशी तासभर चढलेला डोंगर काही मिनिटांत उतरायचा. त्या काही मिनिटांसाठी लोक आठवड्याचे पैसे मोजतात. ड्युरंडचा आठवडा तर दमदार गड्यांचाच म्हणून ओळखला जायचा.

उतार तीव्र झाला की सरळ चढता येत नाही, नागमोडी वाट काढावी लागते. पहिला माणूस बर्फ तुडवत रेघ पाडतो, बाकीचे त्याच रेघेवरून जातात. टोकाला पोचलं की एक स्की उचलून उलट फिरवायची, मग दुसरी, आणि विरुद्ध दिशेला लागायचं. आता हे वरून पाहा. रांगेतला दहावा माणूस पहिल्याच्या मागे असतो हे खरं, पण तो पहिल्याच्या खालीही असतो. नागमोडी वाटेने माणसं एकाच पट्ट्यात एकावर एक रचली जातात. एक तुकडी अशी चढत असताना तिच्याखाली दुसरी तुकडी आली, की नाळेतला प्रसंग तयार.

बर्फाकडे वळतो. २००२ च्या नोव्हेंबरात तिथल्या डोंगरांवर पाऊस पडला. हंगाम नुकता सुरू झालेला, बर्फ पातळ. पावसाचं पाणी गोठून त्यावर कडक पापुद्रा धरला. पुढे थंडी वाढली. बर्फाच्या थरात तळाला ऊब असते, वर कडाका. तळाची वाफ वर सरकते आणि वाटेत पापुद्र्यापाशी अडून पुन्हा गोठते. असं आठवडेच्या आठवडे चाललं की त्या जागच्या कणांचा आकारच बदलतो. मऊ, एकमेकांत गुंतलेल्या चांदण्यांचे कोरडे, कोनदार, चमकणारे दाणे होतात. हातात घेतले तर जाड साखर वाटावी. मुठीत कितीही दाबा, लाडू वळला जात नाही. दाणे एकमेकांना धरतच नाहीत.

डिसेंबर-जानेवारीत या साखरेवर नवा बर्फ पडत गेला, वाऱ्याने दाबला, घट्ट झाला. वर जाड फरशी, खाली साखर, त्याखाली गुळगुळीत पापुद्रा, आणि हे सगळं तिरपं ठेवलेलं. ती फरशी बहुतेक ठिकाणी इतकी जाड असते की माणसाचं वजन खालच्या साखरेपर्यंत पोचतच नाही. दहा जण जातात, काही होत नाही. अकरावा खडकाजवळ, जिथे फरशी पातळ आहे तिथे पाय देतो आणि साखर बसते. जाणकार सांगतात तो "वुंफ्फ" असा आवाज तेव्हाच येतो: घोंगडीखाली कोणीतरी श्वास सोडल्यासारखा. तडा फरशीखालून धावत जातो आणि पाय दिलेल्या जागेपासून कितीतरी लांबचा उतारही सुटतो.

या थराची सगळ्यात वाईट खोड म्हणजे तो वागण्यातून काही शिकू देत नाही. ताजा बर्फ धोक्याचा असतो, पण दोन-तीन दिवसांत तो बसतो, आणि निदान सगळ्यांना तो दिसत तरी असतो. पुरलेली साखर महिनोन्महिने तशीच पडून राहते. खड्डा खणून थर तपासले तर त्या खड्ड्यापुरतं उत्तर मिळतं. वीस पावलांवर काय आहे ते कळत नाही. हिमस्खलनाच्या अंदाजात धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. त्या दिवसांत त्या भागाला तिसरी पायरी दिलेली होती. तिसरी म्हणजे मधली, आणि मधल्या पायरीची गंमत अशी की ती वाचून कोणी घरी बसत नाही. चौथी-पाचवी असेल तर शहाणी माणसं शॅलेत पत्ते कुटतात. तिसरीला सगळे बाहेर पडतात, आणि बरेचसे जीवघेणे अपघात याच पायरीवर होतात.

त्या दिवशी वरच्या तुकडीपुढे मुख्य गाइड होता. मूळचा स्वित्झर्लंडचा. तिथला आठवडा-कार्यक्रम त्यानेच उभा केलेला आणि १९८० च्या दशकापासून तो याच डोंगरांत चालणारा. तिथला कण अन् कण त्याला माहीत, असं म्हणायला हरकत नाही. उतार टिकेल असा त्याचा अंदाज होता. दुसऱ्या तुकडीपुढे त्याचा सहायक. तोही प्रशिक्षित, पण या कंपनीत नवा. वरची तुकडी माथ्याजवळ पोचत होती, खालची त्याच उतारावर तिच्या मागोमाग येत होती. आवाज झाला, तडा गेला. खालच्या तुकडीवर वरचा सगळा बर्फ आला आणि वरच्या तुकडीतलेही काही जण त्यात ओढले गेले.

इथे मी मुलांना कागद-पेन्सिल घ्यायला सांगतो. २१ वजा १३ म्हणजे ८. बर्फाबाहेर राहिलेले आठ आणि आत सापडलेले तेरा.

बर्फाखालच्या माणसाचं घड्याळ फार निष्ठुर असतं. स्वित्झर्लंडमधल्या नोंदींवरून १९९४ साली प्रसिद्ध झालेला आलेख सगळ्या गिर्यारोहण शिबिरांत दाखवतात. पुरलेला माणूस पहिल्या १५-१८ मिनिटांत बाहेर निघाला तर दहातले नऊ वाचतात. ३५ मिनिटं झाली की दहातले तीनच. मधल्या वीस मिनिटांत आलेख कड्यावरून पडावा तसा पडतो. हेलिकॉप्टर त्या वेळात येऊन पोचणं जवळजवळ अशक्य, म्हणून वाचवणारे तेच, जे शेजारी उभे आहेत.

प्रत्येकाच्या छातीवर बीकन असतो, ४५७ किलोहर्ट्झवर संकेत सोडणारा. बाहेरचे आपापला बीकन शोधायच्या खटक्यावर टाकतात, टिकटिक वाढेल तसं पुढे सरकतात, मग लांब सळईने टोचत जातात आणि सळईला काही मऊ लागलं की फावडं. शिबिरात हे दहा मिनिटांत जमतं. पण शिबिरात पुरलेली असते एक पिशवी. इथे एकाच राशीखालून अनेक संकेत एकदम येत होते, एकमेकांत मिसळत होते. सापडलेल्याचा संकेत बाजूला काढून पुढचा शोधायची सोय त्या काळच्या बहुतेक बीकनांत नव्हती. एकाचं डोकं बाहेर काढायचं, तो श्वास घेतोय हे बघायचं, त्याचा बीकन बंद करायचा आणि पुढच्याकडे धावायचं. त्यात थांबलेला बर्फ मऊ राहत नाही. हलताना तो पाण्यासारखा वाहतो आणि थांबला की ओतलेल्या काँक्रीटसारखा बसतो. मीटरभर खोल माणूस काढायचा तर एकट्याला किती वेळ लागेल ते पावसाळ्यात भिजलेल्या मातीचा खड्डा खणून बघा. त्या आठ जणांनी जे केलं ते थोर होतं, याबद्दल दुमत नाही. पुढे मदतीची माणसं हवेतूनही आली. पण आठ जणांनी तेरा जणांना त्या वेळात काढणं हे गणितातच बसत नव्हतं.

आता तोच उतार, तोच बर्फ, तोच तडा. फक्त दुसरी तुकडी खाली बाजूला, सुरक्षित जागी थांबलेली. उतार सुटलाच असता. कदाचित दोन-चार जण सापडले असते. आणि त्यांना काढायला सतरा-अठरा माणसं बाहेर उभी असती, त्यातही एक गाइड.

म्हणून उतार सुटेल की नाही हे ओळखता आलं असतं का, या वादात मी फार वेळ घालवत नाही. तज्ज्ञांनी त्यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. चुकणं हे या धंद्यात गृहीतच धरायला हवं. मला टोचतं ते एवढंच की चुकलो तर किती माणसांनिशी चुकू, हा प्रश्न बर्फ न ओळखताही विचारता येतो. त्याला खड्डा खणावा लागत नाही. माणसं मोजता आली की झालं.

मग तो विचारला का गेला नाही?

सहायक गाइड स्वतः पुरला गेला होता. अर्ध्या तासाच्या आसपास बर्फाखाली राहून तो वाचला. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याने स्वतः लिहिलं की त्या दिवशी त्याच्या मनात शंका होत्या आणि त्याने त्या बोलून दाखवल्या नाहीत. मालक समोर, मालकाचा अनुभव डोंगराएवढा, आपण नवे, मागे पाहुणे उभे. या सगळ्या प्रकरणात मी सगळ्यात जास्त वेळा वाचलेला भाग हाच. दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळं व्हायची सोय त्याच्याकडे होती. ती त्याने वापरली नाही.

पाहुण्यांचं तर आणखी अवघड. आठवड्याचे पैसे भरलेत, जबाबदारी आपली असल्याच्या कागदावर सही केलेली आहे, आणि मुळात गाइड घेतला तो कशासाठी? विचार त्याने करावा म्हणून. पैसे देऊन आपण ज्याचं डोकं विकत घेतलं त्याला "थांबा" कोण म्हणणार? अमेरिकेतल्या इयन मॅकॅमन नावाच्या अभ्यासकाने १९७२ ते २००३ मधले तिथले ७१५ हिमस्खलन अपघात तपासले. माणसं धोक्याच्या खुणा दिसूनही पुढे का जातात, हा त्याचा प्रश्न. त्याने मांडलेल्या सापळ्यांत दोन असे: ओळखीचा डोंगर, आणि तज्ज्ञाभोवतीची प्रभावळ. ड्युरंडच्या त्या सकाळी दोन्ही हजर होते. आपल्याकडे दुसऱ्या सापळ्याला "सर आहेत ना!" म्हणतात. एखाद्या रविवारी लोहगडाच्या पायथ्याशी उभं राहा, दहा मिनिटांत ऐकू येईल.

ओळखीच्या डोंगराचं तर विचारूच नका. जो उतार पन्नास वेळा टिकला तो प्रत्येक वेळी आपल्याला शाबासकी देतो, "तुझा अंदाज बरोबर होता" म्हणून. अंदाज बरोबर होता की नशीब बरोबर होतं, हे उतार कधी सांगत नाही.

पुढची हकिगत भराभर सांगतो. बारा दिवसांनी, १ फेब्रुवारीला, त्याच सेलकर्क रांगेत रॉजर्स पासजवळ कॅल्गरीकडच्या एका शाळेची १७ जणांची स्की-सहल कॉनॉट क्रीकच्या खोऱ्यातून जात होती. वरच्या डोंगरावरून बर्फ आला आणि दहावीतली सात मुलं गेली. भारतात त्या दिवसाची आठवण वेगळी आहे. त्याच शनिवारी कोलंबिया यान परतताना फुटलं आणि कल्पना चावला गेली. आपल्या वर्तमानपत्रांत दुसऱ्या कशाला जागा नव्हती. कॅनडा मात्र हादरला. त्या हिवाळ्यात तिथे हिमस्खलनात २९ माणसं गेली, त्यातली १४ या दोन घटनांत. २००४ मध्ये तिथे जनतेसाठी राष्ट्रीय हिमस्खलन केंद्र उभं राहिलं. राष्ट्रीय उद्यानांमध्ये शाळकरी मुलांच्या सहलींवर कडक नियम आले आणि भूप्रदेशाची सोपा, आव्हानात्मक, गुंतागुंतीचा अशी तीन पायऱ्यांची वर्गवारी तयार झाली. ही वर्गवारी मला फार आवडते. बर्फ रोज बदलतो, डोंगराचा आकार बदलत नाही. निदान जे बदलत नाही ते तरी आधी नीट लिहून ठेवावं.

ड्युरंडच्या मृत्यूंची चौकशी झाली आणि ते अपघाती ठरले. मुख्य गाइड आणि त्याचा कार्यक्रम पुढेही चालू राहिला. काहींना हे खटकतं. आमच्या बैठकीतही एक-दोघं तावातावाने बोलतात. मला तो वाद इथून, डोंबिवलीतल्या पंख्याखाली बसून, निकाली काढायचा नाही.

बैठकीच्या शेवटी एक खेळ घेतो. प्रत्येकाने उभं राहून, माझ्याकडे बघून, एक वाक्य मोठ्याने म्हणायचं: "दादा, तुम्ही वर पोचून शिट्टी देईपर्यंत आम्ही इथेच थांबतो." दोन श्वासांचं वाक्य. पण ही सह्याद्रीत वाढलेली, रॅपलिंगला न घाबरणारी पोरं हे म्हणताना चक्क लाजतात. कोणी हसतं, कोणी "थांबू का?" असा प्रश्न करून टाकतं, कोणी "तुम्हाला चालणार असेल तर" अशी शेपटी लावतं. प्रश्न नको, शेपटी नको. पुन्हा.

गेल्या डिसेंबरात नळीच्या वाटेला मी पहिली तुकडी घेऊन निघालो होतो. दुसरी तुकडी एका मुलीकडे होती, लीडर म्हणून तिची पहिलीच खेप. उशीर झाला होता, ऊन चढत होतं, तिच्याकडचे लोक ताजेतवाने होते. मी म्हटलं, "चला, मागोमाग या, वेळ वाचेल." ती बाजूच्या कातळाखाली सॅक टेकवत म्हणाली, "दादा, तुम्ही वर पोचून शिट्टी देईपर्यंत आम्ही इथेच थांबतो."

खोटं कशाला सांगू, मी चिडलो. लोकांसमोर बोलली म्हणून जास्त. काहीतरी पुटपुटून नाळेला लागलो. टप्पा संपवून शिट्टी द्यायला आम्हाला पस्तीस मिनिटं लागली. त्या पस्तीस मिनिटांत एकही दगड सुटला नाही. वाकून पाहिलं तर खाली कातळाच्या सावलीत तिची मंडळी ओळीने बसून चिक्की खात होती.